पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका

आमच्या धाकटीला डिस्लेक्सिया आहे आणि जोडीला थोडा डिस्ग्राफिया. म्हणजे वाचायला आणि लिहायला तिला इतर मुलांपेक्षा खूप जास्त कष्ट पडतात. आता ती सहावी संपवून सातवीत जाईल. तिच्यासाठी शाळेकडे काय मागितलं, कसं मागितलं आणि काय मिळालं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच आया मला फोन करून हेच विचारतात आणि प्रत्येकीला फोनवर सगळं नीट सांगून होत नाही.

मी नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलावर काम करते. अर्ज कुठे अडतो, कुठे हरवतो आणि कोणत्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं, हे रोज डोळ्यांसमोर असतं. लेकीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त उपयोग याच माहितीचा झाला.

ती पहिलीत गेली ती जून 2020 मध्ये. शाळा बंद, अभ्यास मोबाइलवर. दुसरीचंही बरंचसं वर्ष तसंच गेलं. त्यामुळे तिला वाचता येत नाही याचं कुणालाच नवल वाटलं नाही, वर्गातल्या कितीतरी मुलांना येत नव्हतं. "कोरोनाची बॅच आहे, येईल हळूहळू," असं जो तो म्हणायचा. तिसरीत मात्र जिल्हा परिषद शाळेतल्या तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "ताई, बाकीची पोरं आता रुळावर आली, ही येत नाही. आणि हिला समजत नाही असं अजिबात नाही. गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगते. पण फळ्यावरच्या दोन ओळी उतरवायला तास घालवते."

बाईंनी तिच्या वह्यांची पानं तारखेवार जपून ठेवली होती. ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चा ‘मात’, ‘प्रकाश’चा ‘परकश’. ऱ्हस्व-दीर्घ चुकणं वेगळं, इथे वेलांटीच गायब. काना विसरायचा, मात्रा भलत्याच अक्षरावर जायची, जोडाक्षर आलं की ते सोडून पुढे. पुस्तकातला धडा ती घडाघडा ‘वाचायची’, पण बाईंनी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं की गप्प. धडा थोरल्याकडून ऐकून तोंडपाठ केलेला असायचा. आकड्यांचंही तसंच. पंचवीस म्हटलं की लिहायची 52. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, त्यामुळे लहान वयात हे पुष्कळ मुलांचं होतं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी रीत जोडीला दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला ती रीत तेव्हाही पटली होती. घरात असं मूल असलं की ती किती कामाची आहे हे कळतं.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. वर्गात एवढी पोरं, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यातूनही त्यांनी एका मुलीच्या वहीची पानं जमवून ठेवली. पुढे तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच पानं मागितली. तुमच्या मुलाबद्दल अशी शंका असेल तर आजपासून जुन्या वह्या रद्दीत घालू नका.

तपासणीबद्दल लोकांच्या मनात फार भीती असते, म्हणून थोडं लिहिते. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण नीट दिसत-ऐकू येत नसेल तरी वाचन अडतं. मग बालरोगतज्ज्ञ बघतात. नंतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बुद्ध्यांक काढतात. तो साधारण असेल आणि तरी वाचन-लेखन इयत्तेच्या खूप मागे असेल, तर पुढची चाचणी. ही शेवटची चाचणी विशेष शिक्षक घेतात: वाचून दाखव, ऐकून लिही, उतारा उतरव, गणितं कर. सुई नाही, मशीन नाही. आमची तपासणी पुण्याला झाली. एका दिवसात उरकत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं, पहाटेची एसटी धरून. खासगी तपासणी लवकर होते, पण बोर्डाच्या सवलतींसाठी मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, हे आधीच लक्षात ठेवा. मुंबईकडच्यांसाठी सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर ही वर्षानुवर्षं हे काम करणारी ठिकाणं आहेत.

एक गोष्ट मी आवर्जून विचारली: चाचणी कोणत्या भाषेत? मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी उतारा देऊन काय कळणार! मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला आहे आणि तो हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. तुम्हीही विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची आणि अठराव्या वर्षीचं कायमचं असायचं; 2024 मध्ये नव्या सूचना आल्या आहेत, त्या बघून घ्या. धाकटीला मिळालं तेव्हा ती चौथीत होती. घरी येऊन तिला सगळं सरळ सांगितलं. ती म्हणाली, "हे मोठी झाल्यावर जाणार का?" मी म्हटलं, जाणार नाही, पण वाचायला येणार. तुला वेगळ्या तऱ्हेने शिकवावं लागेल आणि ते शिकवणारे आपण शोधायचे.

माझ्या सासूबाईंना मात्र धक्का बसला. त्यांना प्रमाणपत्रावरचा ‘दिव्यांग’ हा शब्द सोसवेना. "चांगली हातीपायी धड पोर. उद्या लग्नाच्या वेळी कुणी हा कागद काढला म्हणजे?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कागद कपाटात आपल्या ताब्यात राहील, शाळेत फक्त प्रत जाईल, एवढं सांगितलं. पण माझ्या मनात तेव्हाच पक्कं होतं की ती लपवाछपवी मी करणार नाही. मुलगी आहे म्हणून तर जास्तच नाही. मुलगा मागे पडला की क्लास लावतात, मुलगी मागे पडली की ‘तिला अभ्यासाची आवड नाही’ म्हणून मोकळे होतात. आमच्या तालुक्यात मी हे डोळ्यांनी बघितलं आहे.

पाचवीपासून ती हायस्कूलला गेली. इथून पुढची खरी गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर एकच बाई असायच्या, त्या तिला ओळखून होत्या. हायस्कूलमध्ये तास बदलला की शिक्षक बदलतो आणि वर्गात साठच्या आसपास मुलं. पहिल्या महिन्यातच ती पोट दुखतं म्हणू लागली. मराठीच्या तासाला ओळीने एकेकाला उठवून वाचायला लावायचे. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे ती पुढची मुलं मोजून आधीच काढायची आणि शेजारणीला कानात विचारून पाठ करायची. एखादं मूल गैरहजर असलं की हिशेब चुकायचा आणि वर्ग हसायचा.

मी प्रमाणपत्राची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटायला गेले. तिथले सगळे माणूस म्हणून वाईट नव्हते, हे आधीच सांगते. पण उत्तर एकच: "मॅडम, दहावीला अजून वेळ आहे. नववीत आलात की सवलतीचा प्रस्ताव पाठवू. आत्तापासून मुलीच्या नावावर कशाला शिक्का?" मी म्हटलं, सर, मी सवलत मागायला आलेच नाही. तिला आज वाचायला शिकवायचं आहे आणि आजच्या परीक्षेत तिला जे येतं ते दाखवायची संधी द्यायची आहे. ते हसून म्हणाले, बघू.

माझं या सगळ्या विषयावर जे ठाम मत झालं आहे ते इथेच लिहिते. शिकण्यातल्या अक्षमतेचं नाव काढलं की आपल्याकडे एकदम दहावीवर उडी मारली जाते. त्यालाही कारण आहे. महाराष्ट्राने 1996 पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या, बाकी देशाच्या फार आधी. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात तर या मुलांचा उल्लेखही नव्हता. ही आपल्या राज्याची अभिमानाची गोष्ट आहे आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी, पालकांनी, त्याच 1996 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारख्या संस्थांनी या मुलांसाठी खूप काम केलं आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की शाळांना हे प्रमाणपत्र म्हणजे दहावीचा जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारा) आणि एखादा विषय सुटणं एवढंच वाटतं. पाचवी ते नववी ही पाच वर्षं मूल वर्गात बसून राहतं, काही न शिकता. आणि नववीत निकाल खाली येऊ लागला की "17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा" असं सांगतात, म्हणजे शाळेच्या टक्केवारीला धक्का नको. मला माझ्या मुलीच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून मी कायदा वाचायला घेतला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. यादीत 21 प्रकार आहेत आणि त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे. कलम 16 सगळ्यात महत्त्वाचं. सरकारी, अनुदानित आणि नुसती मान्यता असलेली, सगळ्या शाळा त्यात येतात. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची, ओळखल्यावर शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय करायचे, आणि प्रत्येक दिव्यांग मुलाची प्रगती तपासत राहायची, ही सगळी शाळेची जबाबदारी म्हणून त्यात लिहिली आहे. कलम 17 मध्ये परीक्षेत बदल करायचं सांगितलं आहे: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. कुठेही ‘फक्त दहावीला’ असं म्हटलेलं नाही. ते कलम मी तीन-तीनदा वाचलं.

मग अर्ज लिहिला. बऱ्याच जणी अर्जात मुलाचं दुःख लिहितात, दोन-तीन पानं. तसं करू नका. एका पानात बसवा, मागण्या आकडे घालून लिहा आणि प्रत्येक मागणी अशी लिहा की तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल. ‘मुलीकडे लक्ष द्यावे’ असं लिहिलंत तर उत्तर येईल ‘लक्ष देत आहोत’, आणि फाइल बंद. माझ्या अर्जातला मुख्य भाग असा होता:

"विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 कलम 16 व 17 नुसार माझ्या पाल्यास वर्गात व परीक्षेत सोयी मिळणेबाबत.

महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत शिकत असून तिला विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरी चालू शैक्षणिक वर्षापासून पुढील सोयी मिळाव्यात.
1. तिने स्वतः हात वर केल्याशिवाय वर्गात प्रकट वाचन करण्यास सांगू नये.
2. फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्याऐवजी त्याची छापील प्रत किंवा छायाचित्र द्यावे.
3. घटक चाचणी व सत्र परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी व तासामागे 20 मिनिटे जादा वेळ द्यावा.
4. इतिहास, भूगोल व विज्ञान या विषयांत उत्तरे तोंडी घ्यावीत अथवा लेखनिक द्यावा.
5. भाषेव्यतिरिक्त विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.
6. विशेष शिक्षकांमार्फत आठवड्यातून ठरावीक वेळ वाचनाचे मार्गदर्शन मिळावे व त्याची नोंद ठेवावी.
या अर्जावर झालेला निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती."

शेवटची ओळ कधीही गाळू नका.

तीन प्रती काढल्या. एक शाळेला, एक माझ्याकडे पोच म्हणून आणि एक पुढे लागली तर. शाळेच्या कार्यालयात लिपिकाने अर्ज घेतला आणि म्हणाले, "ठेवून जा, सरांना देतो." मी म्हटलं, माझ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक द्या. "आम्ही पालकांच्या अर्जाला क्रमांक देत नाही." मी तिथून न बोलता बाहेर पडले आणि त्याच दुपारी तो अर्ज रजिस्टर एडीने पाठवला. पिवळा पोचकागद सही होऊन परत आला तो फाइलला लावला. आता रजिस्टर एडी स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तरी पोच मिळण्याची सोय आहेच. समोर बसलेल्या माणसाशी भांडून काहीच हाती लागत नाही, त्याने घेतला नाही तर टपाल खातं पोचवतं.

महिना गेला, उत्तर नाही. घटक चाचणीत तिला भूगोलात वीसपैकी तीन. घरी तोंडी विचारलं तर तिने नद्या, घाट, पाऊस का पडतो, सगळं सांगितलं. तो पेपर मी फाइलला लावला आणि समोर तिने तोंडी दिलेली उत्तरं तारीख घालून लिहून ठेवली.

पुढचा अर्ज कुणाला, यात पुष्कळ पालक चुकतात. मलाही सांगणारे होते की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. पण पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल असेल तर त्याचा कारभार जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे असतो. प्राथमिक शाळा असेल तर गटशिक्षणाधिकारी. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज परत येत नाही, तो तिथेच पडून राहतो. मी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना अर्ज केला, सोबत पहिल्या अर्जाची आणि पोचकागदाची प्रत जोडली आणि खाली ‘प्रत माहितीसाठी: राज्य आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे’ असं टाकलं. दिव्यांगांच्या तक्रारी ऐकून घेण्याचे अधिकार कायद्याने त्या आयुक्तांना दिलेले आहेत. त्या एका ओळीने फरक पडला असं माझं मत आहे. दोन आठवड्यांत शाळेचा फोन आला: येऊन भेटा.

बैठकीला नवऱ्याला बरोबर घेऊन गेले. कारखान्याचा हंगाम सुरू होता, रात्रपाळी करून ते तसेच आले. समोर मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, मराठीच्या बाई आणि शिक्षण विस्तार अधिकारी. पहिला मुद्दा आला तो नेहमीचाच: "बाकीच्या मुलांवर अन्याय होईल." मराठीच्या बाई हे मनापासून बोलत होत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी भूगोलाचा पेपर आणि तिची तोंडी उत्तरं टेबलावर ठेवली. म्हटलं, बाई, हा पेपर भूगोलाचा आहे. यातून तिचा भूगोल कळतो का, तुम्हीच सांगा. त्यांनी दोन्ही कागद वाचले. बराच वेळ वाचत होत्या. नंतर त्यांनीच विज्ञानाच्या सरांना बोलावलं आणि ते म्हणाले, वर्गात प्रश्न विचारला की पहिला हात हिचाच असतो, पेपर मात्र कोरा.

दुसरा मुद्दा अवघड होता. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालं की पुन्हा परीक्षा आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. कुणीतरी म्हणालं, "एक वर्ष पाचवीत राहू दे, पाया पक्का होईल." यावर नवरा पहिल्यांदा बोलले: "साहेब, ज्या पद्धतीने तिला वर्षभर आलं नाही, तीच पद्धत अजून एक वर्ष केली तर कसं येईल?" मला वाटतं त्या दिवशीचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं.

अर्जातल्या पहिल्या पाच मागण्या मान्य झाल्या. लेखनिकाऐवजी तोंडी परीक्षा घ्यायची ठरली, ती वर्गशिक्षक स्वतः घेणार. उठताना मी म्हटलं, याचं इतिवृत्त लिहून सगळ्यांच्या सह्या घेऊ. थोडी कुरबुर झाली, पण विस्तार अधिकाऱ्यांनी स्वतः लिहून घेतलं. पुढे सहावीत वर्गशिक्षक बदलले आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं, तेव्हा तो कागद दाखवला. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं नाही.

सहावी मागणी, विशेष शिक्षकाची, अजून पुरी झालेली नाही. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक आमच्या भागात येतात, मनापासून शिकवतात, पण एकेका शिक्षकाकडे इतक्या शाळा की आमच्या शाळेत पाय लागतो तो कधीतरी. हे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरामागे एक. त्यानंतर 2024 च्या ऑक्टोबरात आपल्या राज्याने केंद्राच्या पातळीवर विशेष शिक्षकांची 4,860 पदं मंजूर केली. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. म्हणजे अजूनही एका शाळेला एक नाहीच. ही लढाई एकट्या पालकाची नाही. तालुक्यातल्या पालकांनी मिळून अर्ज द्यायला हवेत आणि आम्ही काही जणी तेच करतो आहोत.

तोवर घरी आणि शाळेत काय केलं, तेही सांगते. मराठीच्या बाईंनी नंतर फार मदत केली. जिल्हा परिषदेच्या विशेष शिक्षिकेने दाखवल्याप्रमाणे आम्ही अक्षर काळ्या पेनाने आणि काना-मात्रा-वेलांटी लाल पेनाने लिहितो. आधी काना असलेलेच शब्द, ते पक्के झाले की वेलांटी, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. वाचताना ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी. गणिताला चौकटीची वही, म्हणजे एकक दशकाखाली जात नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती मोबाइलवर मोठी करून वाचते. थोरल्याने इतिहासाचे सगळे धडे त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून दिले, ते ती भांडी लावतानाही ऐकते. रोज वीस मिनिटं वाचन, त्यापेक्षा जास्त नाही. थकल्यावर तिची अक्षरं पुन्हा उलटसुलट होतात आणि मग वाचनाचाच राग येतो.

सहावीच्या वार्षिक परीक्षेत तिला विज्ञानात चांगले गुण मिळाले. मराठीत जेमतेम. ते मला मान्य आहे.

गणित सोडण्याबद्दल पुष्कळ जणी विचारतात. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेण्याची सोय या मुलांसाठी राज्यात आहे. ज्या मुलाला गणितातलीच अक्षमता, डिस्कॅल्क्युलिया आहे, त्याच्यासाठी ती सोय फार मोठा आधार आहे आणि ती जरूर घ्यावी. पण शाळा सगळ्यांनाच ती पुढे करते, कारण शाळेला ते सोपं पडतं. धाकटीचा गणिताचा गोंधळ लिहिण्यातला आहे, समजण्यातला नाही. तोंडी हिशेब ती माझ्यापेक्षा भराभर करते. तिला पुढे विज्ञानाकडे जायचं असेल तर गणित सोडलेलं आड येईल. म्हणून ‘आत्ताच लिहून द्या’ असं कुणी म्हटलं तर सही करू नका. रिपोर्टमध्ये नेमकी कोणती अक्षमता लिहिली आहे ते आधी वाचा आणि तपासणाऱ्या तज्ज्ञांना विचारा.

मोठ्या परीक्षांचं म्हणाल तर रस्ता थोडा उजळला आहे. 2021 च्या फेब्रुवारीत विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळायला अपंगत्व चाळीस टक्केच असलं पाहिजे असं नाही, लिहिता येत नाही हे खरं असलं म्हणजे पुरे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत जादा वेळ नाकारलेल्या डिस्ग्राफियाच्या एका विद्यार्थिनीच्या बाजूनेही न्यायालयाने मत दिलं. तिचा पेपर तिच्या हातून हिसकावून घेतला होता. तो निकाल वाचताना मला रडू आलं. कुणाची तरी लेक कोर्टापर्यंत गेली, म्हणून आज माझ्या अर्जाला वजन आहे.

जूनमध्ये सातवीचे शिक्षक नवे असतील. त्यांच्यासाठी मी एका पानाचं टिपण तयार केलं आहे, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला एक प्रत. वर बैठकीच्या इतिवृत्ताची तारीख आणि जावक क्रमांक. खाली असं लिहिलं आहे:

"हिला ऐकून सगळं समजतं. वाचायला वेळ लागतो, घाई केली तर अडते. प्रश्न तोंडी विचारा. वर्गात मोठ्याने वाचायला उठवू नका. वहीतल्या चुका लाल शाईने सगळ्या दाखवू नका, एका वेळी एकच प्रकारची चूक दाखवा. विज्ञानाचे प्रयोग तिला करायला द्या, हात चांगला चालतो. काहीही विचारायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर फोन करा किंवा बोलावून घ्या, मी येते."